तिकिटावरचे सोळा तास, पायांचे एकोणतीस

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, हा प्रश्न आता गावागावांत विचारला जातो. मुलगा किंवा मुलगी तिकडे, नातवंडं तिकडे आणि सहा महिन्यांच्या मुक्कामाला निघालेले आईवडील इकडे. फोनवर शोधलं की क्षणात उत्तर मिळतं: सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमानाने साधारण सोळा तास. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते विमानाचे आहेत. त्या विमानात बसलेल्या पासष्ट-सत्तर वर्षांच्या माणसाच्या पोटऱ्या, फुप्फुसं आणि मेंदूतलं घड्याळ यांचा हिशेब वेगळा असतो आणि तो तिकिटावर छापलेला नसतो.

आधी विमानाचा हिशेब पाहू. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. कंपासची एकच दिशा धरून या वाटेने गेलं, तर सव्वाचौदा हजार किलोमीटर भरतील. पण घरातल्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, की तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. मध्य आशिया आणि रशिया ओलांडत थेट ६५ अंश उत्तर अक्षांशाजवळ पोहोचतो आणि तिथून कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. ही वाट सुमारे १२,५३० किलोमीटरची, म्हणजे सतराशे किलोमीटरने कमी. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता नकाशावर वाकडा दिसतो, कारण गोल सपाट करताना नकाशाच वाकडा झालेला असतो. समोरच्या पडद्यावर विमान उत्तर ध्रुवाकडे निघालेलं पाहून आजोबांना वाटतं, पायलट वाट चुकला!

ताशी ९०० किलोमीटरने हे अंतर चौदा तासांत संपायला हवं. मग सोळा का? वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडच्या जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीकडची रांग त्यातच येते. शिवाय आकाशालाही सरहद्दी असतात. २०२५च्या एप्रिलपासून भारतीय विमान कंपन्यांना पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाली आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना वळसा घालून व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. तिसरं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक वेगवान पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून परतीचा प्रवास साधारण दीड-दोन तासांनी कमी भरतो. हा वारा मोजला वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने, १९२०च्या दशकात, फुगे सोडून. जगभरच्या लोकांना वाचता यावं म्हणून त्याने अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला, आणि त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही.

आता शरीराचा हिशेब. किलोमीटर आणि आजार यांचा थेट संबंध दाखवणारा एक अभ्यास पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर झाला. नोव्हेंबर १९९३ ते डिसेंबर २००० या काळात तिथे उतरलेल्या साडेतेरा कोटींहून अधिक प्रवाशांपैकी ५६ जणांना उतरताच पल्मनरी एम्बॉलिझमचा गंभीर झटका आला होता. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती सुटते, हृदयातून पुढे जाऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते, तो हा आजार. डॉक्टरांनी हे प्रवासी कुठून आले याची यादी केली. पाच हजार किलोमीटरपेक्षा कमी अंतरावरून आलेल्यांमध्ये हे प्रमाण दहा लाखांमागे ०.०१ होतं. पाच हजारांच्या वर ते १.५ झालं, म्हणजे दीडशेपट. दहा हजार किलोमीटरच्या वर ४.८. मुंबई ते दुबई अंतर दोन हजार किलोमीटरही नाही. मुंबई ते पॅरिस सुमारे सात हजार. न्यूयॉर्क शेवटच्या गटात मोडतं.

दहा लाखांत पाच म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. पण या अभ्यासात मोजले गेले ते फक्त विमानतळावर कोसळलेले आणि तिथून रुग्णालयात नेलेले प्रवासी. गुठळी बहुतेक वेळा एवढी घाई करत नाही. ती घरी पोहोचल्यावर, चौथ्या दिवशी किंवा तिसऱ्या आठवड्यात डोकं वर काढते. हे सगळे रुग्ण धरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्ये दिलेला अंदाज असा, की चार तासांहून अधिक प्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दोन ते तीन पट होतो आणि निरोगी माणसांत सहा हजारांमध्ये एकाला ती होते. त्या अहवालातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तीच कमी लोकांना माहीत आहे. हा धोका विमानापुरता नाही. मोटार, बस, रेल्वे, कशातही चार तासांहून जास्त वेळ न हलता बसलं की तो वाढतो.

म्हणजे शिरांना विमानाशी देणंघेणं नाही. त्यांना बसण्याशी आहे. पोटरीच्या स्नायूंमध्ये खोलवर नीला असतात. पावलांकडून आलेलं अशुद्ध रक्त वर चढवायचं काम हृदय एकट्याने करत नाही. चालताना पोटरी आवळते, शीर दाबली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. शिरेतल्या झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत. बसलं की हा पंप बंद. गुडघ्याशी शीर दुमडलेली, रक्त संथ, आणि साचलेलं रक्त गोठायला टपलेलं.

हे विमानयुगाच्या आधीपासून माहीत आहे. १९४०मध्ये लंडनवर जर्मन बॉम्बवर्षाव सुरू झाला, तेव्हा लोक रात्र-रात्र तळघरांत आणि निवाऱ्यांत काढू लागले. झोपायला जागा नसे, म्हणून कापडी आरामखुर्च्यांवर बसूनच डुलक्या. सकाळी उठून चालायला लागलेली धडधाकट दिसणारी माणसं अचानक कोसळून मरू लागली. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक डॉक्टरांनी शवविच्छेदनं करून कारण सांगितलं: फुप्फुसात अडकलेली गुठळी. खुर्चीची पुढची लाकडी दांडी रात्रभर मांडीखाली रुतत होती आणि शीर दाबत होती. निवाऱ्यांत बसण्याऐवजी आडवं होता येईल अशी सोय करा, असा धडा त्यातून मिळाला. पुढे १९५४मध्ये बोस्टनचे शल्यविशारद जॉन होमन्स यांनी लांब विमानप्रवासानंतर पायात झालेल्या गुठळीची नोंद केली.

ती लाकडी दांडी आजही आहे. विमानाच्या सीटची पुढची कड सरासरी युरोपीय उंचीला बेतलेली असते. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात विमानप्रवासानंतर गुठळीचा धोका दोन प्रकारच्या लोकांत जास्त दिसला: १९० सेंटिमीटरहून उंच आणि १६० सेंटिमीटरहून बुटके. उंचांचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात, बुटक्यांचे पाय अधांतरी लोंबतात आणि सीटची कड मांडीखाली रुतते. पाच फूट तीन इंच म्हणजे १६० सेंटिमीटर. नातवाच्या बारशाला निघालेल्या आजींपैकी किती जणींची उंची त्याहून जास्त असते, हे ज्याने-त्याने आपल्या घरात पाहावं. पायाखाली पिशवी किंवा घडी केलेलं ब्लँकेट ठेवून गुडघा मांडीच्या पातळीत आणणं हा बिनखर्ची उपाय आहे. तो विमानात फारसं कुणी सांगत नाही.

आता सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या दांपत्याचा प्रवास मोजू. अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. वाटेत घाटात खोळंबा होईल म्हणून ही मंडळी दुपारी तीनला निघतात. मुंबई विमानतळावर रात्री नऊ वाजतात. गाडीतून ती एखाद वेळा उतरलेली असतात, चहापुरती. मुलाने तिकडून व्हीलचेअर सांगून ठेवलेली असते, कारण इंग्रजी फॉर्म, लांब रांगा, चुकणारी गेटं. ही सोय मोठी आहे आणि गरज असेल त्याने ती घ्यावीच. पण खुर्चीत बसवलं की पुढचे साडेचार तास सुरक्षा तपासणी सोडली तर बैठकच. मग विमानात सोळा तास. पलीकडे इमिग्रेशनच्या दारात पुन्हा खुर्ची, दीड तास. मग मुलाच्या गाडीत न्यू जर्सीतल्या घरापर्यंत तासभर. सहा, साडेचार, सोळा, दीड आणि एक: एकोणतीस तास. तिकिटावर सोळा लिहिलं होतं. ज्या माणसाला डॉक्टर ‘दर तासाला उठा’ असं सांगतात, तो विमानात बसल्यावर तासाला उठायला सुरुवात करतो. तोवर पायांचे दहा तास झालेले असतात.

उपाय साधे आहेत, फक्त ते साताऱ्यापासून सुरू व्हायला हवेत. गाडी दर दोन तासांनी थांबवून पाच मिनिटं चालणं. विमानतळावर व्हीलचेअर असली तरी गेटवर पोहोचल्यावर उठून येरझाऱ्या घालणं. विमानात खिडकीऐवजी वाटेकडची सीट मागून घेणं, कारण खिडकीशी बसलेला माणूस शेजाऱ्याला उठवायच्या भिडेने तासन्‌तास हलत नाही. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचलणं आणि चवडे टेकवून टाचा उचलणं, वीस-वीस वेळा. पायाखालची जागा हँडबॅगने न अडवणं. पाणी वेळच्या वेळी प्यावं, त्यात एक फायदा असा की शौचालयासाठी उठावंच लागतं. अनेक आजी नेमक्या याच कारणासाठी पाणी टाळतात. झोपेची गोळी मात्र नको. तिने माणूस सहा तास एकाच वेड्यावाकड्या अवस्थेत पडून राहतो. मद्याचंही तेच.

गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे, ज्यांना कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज म्हणतात, उपयोगी पडतात याचे चांगले पुरावे आहेत. मात्र ते घोट्याचं आणि पोटरीचं माप देऊन घ्यावेत. सैल मोजा निरुपयोगी, आणि गुडघ्याखाली गुंडाळी झालेला मोजा दोरी बांधल्यासारखा अपायकारक. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांचा शुद्ध रक्तपुरवठाच कमी झाला आहे, त्यांनी पायाची नाडी तपासून घेतल्याशिवाय ते घालू नयेत. ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून प्रवासापुरती ॲस्पिरिन घ्यायची पद्धत बरीच रूढ आहे. या प्रकारच्या गुठळीसाठी ती सुचवली जात नाही. हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर अर्थातच चालू ठेवावी. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, नुकतं बाळंतपण झालं आहे किंवा संप्रेरकांच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्यासाठी डॉक्टर रक्त गोठू न देणारं इंजेक्शन किंवा गोळी ठरवू शकतात. आणि एक नेहमीचा प्रसंग: अमेरिकेला जायचंय, तिथे चालावं लागेल, म्हणून निघण्याआधी महिनाभर गुडघा बदलून घेणं. सांधा बदलल्यानंतरचे पहिले सहा आठवडे ते तीन महिने हा गुठळीचा सर्वांत धोक्याचा काळ. त्यात हे एकोणतीस तास घालू नयेत. शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच सर्जनला तिकिटाची तारीख सांगावी.

प्रवासानंतर पाय सुजतात, ते बहुतेक वेळा साधं असतं. दोन्ही पाय सारखे सुजलेले, दाबलं की खड्डा पडणारे, एक-दोन दिवसांत उतरणारे. काळजी करायची ती एकाच पायाच्या सुजेची. एक पोटरी दुसरीपेक्षा जाड, कडक, गरम, दाबल्यावर दुखणारी, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी करायला हवी. अचानक धाप, खोल श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त किंवा चक्कर येऊन पडणं, यापैकी काही झालं तर अमेरिकेत ९११ आणि इथे १०८.

हे सगळं सांगूनही एक अडचण उरते आणि ती वैद्यकीय नाही. आजींची पोटरी दुखते, पण त्या सांगत नाहीत. तिथला दवाखाना म्हणजे हजारो डॉलर, हे त्यांनी चार घरांत ऐकलेलं असतं. मुलाला भुर्दंड नको, सुनेला धावपळ नको, आपण आलो मदतीला आणि आपलंच ओझं नको. मग रात्री तेल चोळलं जातं. गुठळी झालेल्या पायाला जोराने चोळणं ही तर सर्वांत नको असलेली गोष्ट, कारण तिने गुठळी सुटू शकते. मुलांनी हा विषय आईवडील विमानात बसण्याआधीच काढावा. प्रवासी विमा उतरवताना आधीपासूनच्या आजारांवर काय मर्यादा आहेत, हे वाचून घ्यावं, कारण अनेक पॉलिसींत त्या असतात. आणि एक गोष्ट आईवडिलांना स्पष्ट सांगावी: अमेरिकेत १९८६पासून कायदा आहे, की मेडिकेअर योजनेत असलेल्या, म्हणजे जवळजवळ सगळ्याच रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाला पैसे देण्याची ऐपत न पाहता रुग्णाला तपासावं आणि स्थिर करावं लागतं. बिल नंतर येतं, त्यावर नंतर बोलता येतं. वेळेवर सापडलेली पायातली गुठळी अनेकदा नुसत्या गोळ्यांवर, घरी राहून बरी होते. फुप्फुसात गेल्यावर बिल कितीतरी वाढतं, आणि ते नेहमी पैशांतच चुकवावं लागतं असं नाही.

पायांनंतर श्वास. विमान अकरा किलोमीटरवर असलं तरी आतली हवा तेवढी विरळ नसते. नियमानुसार केबिनमधला दाब जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या हवेइतका खाली येऊ शकतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांत तो सहा हजार फुटांच्या आसपास ठेवलेला असतो. कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर आहे. म्हणजे नव्यातल्या नव्या विमानातही प्रवासी महाराष्ट्राच्या सर्वांत उंच टोकापेक्षा वर बसलेला असतो, तोही सोळा तास. कोविडच्या दिवसांत घेतलेला ऑक्सिमीटर कुणी विमानात बोटाला लावला, तर घरी ९७ दाखवणारं यंत्र ९१-९२ दाखवेल. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही. पण दमा, सीओपीडी किंवा क्षयाने फुप्फुस आधीच खराब झालेल्या माणसाचा आकडा घरीच ९२-९३ असेल, तर वर तो कुठे जाईल याचा विचार निघण्यापूर्वी करायला हवा. हिमोग्लोबिन सात-आठ ग्रॅमवर आलेल्यांनीही. स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेऊ देत नाहीत. परवानगी असलेलं बॅटरीचं यंत्र न्यायचं तर विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून काही दिवस आधी द्यावा लागतो.

दाब कमी झाला की वायू फुगतो, सुमारे एक तृतीयांशाने. प्लास्टिकची बाटली उघडताना फुसकन हवा सुटते, ती यामुळे. पोट गच्च वाटतं, तेही यामुळेच, म्हणून निघण्याआधी राजमा-छोले नकोत. एरवी ही गंमतच, पण डोळ्याचा पडदा सरकल्याच्या शस्त्रक्रियेत ज्यांच्या डोळ्यात वायूचा फुगा सोडला आहे, त्यांच्यासाठी गंमत नाही. तो फुगा पूर्ण विरेपर्यंत विमान वर्ज्य. डोळ्यातला दाब इतका वाढू शकतो की दृष्टी जाते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला ही अट लागू नाही, हेही सांगायला हवं, कारण दोन्हींची गल्लत होते. उत्तरेकडच्या उंच वाटेवर वैश्विक किरणं थोडी जास्त लागतात, त्याचीही चौकशी होते. एका फेरीची मात्रा छातीच्या एखाद-दोन एक्स-रेइतकी. त्यासाठी आजी-आजोबांनी झोप घालवू नये.

झोप जायला दुसरं कारण आहे. लंडनहून केपटाउन साडेनऊ हजार किलोमीटरहून लांब आहे, पण प्रवास उत्तर-दक्षिण असल्याने घड्याळ एक-दोन तासच सरकतं. माणूस दमून उतरतो आणि झोपून उठला की ताजा. मुंबई-न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचे दोन पुंजके आहेत. हेच शरीराचं मुख्य घड्याळ. ते दिवसाला साधारण एक तास सरकतं, म्हणजे नवी वेळ अंगवळणी पडायला नऊ-दहा दिवस हवेत. यकृत आणि आतडी आणखी आपल्या चालीने येतात. रात्री दोनला कडकडून भूक लागते ती म्हणून.

घड्याळ सरकवणारी मुख्य किल्ली म्हणजे उजेड. पश्चिमेला गेलो तर संध्याकाळचा, पूर्वेला आलो तर सकाळचा उजेड घ्या, असा नियम सांगितला जातो. तो चार-पाच तासांच्या फरकाला ठीक आहे. इथे फरक जवळजवळ अर्ध्या दिवसाचा. न्यूयॉर्कला उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस दुपारचं ऊन घ्यावं, आणि परत आल्यावरही आधी दुपारचंच. परतल्यावर पहिल्या सकाळी उत्साहाने पहाटे फिरायला बाहेर पडलं, तर शरीराचं घड्याळ उलट दिशेला ढकललं जाण्याचीच शक्यता अधिक.

इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी मात्र हा झोपेपुरता प्रश्न नाही. जाताना दिवस साडेतेहतीस तासांचा होतो, येताना साडेचौदा तासांचा. दिवसातून एकदाच घ्यायचं, लांब पल्ल्याचं इन्शुलिन असेल तर हिशेब सोपा. इथे रात्री नऊला घेत असाल, तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळी साडेअकराला घ्यायचं. शरीराच्या दृष्टीने चोवीस तासच झाले. पुढे सावकाश, डॉक्टरांनी सांगितलेल्या टप्प्यांनी वेळ बदलायची. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी घ्यायचं मिश्र इन्शुलिन असेल तर हे जमत नाही, तिथे डॉक्टरांकडून तासवार लेखी वेळापत्रकच हवं. परतीच्या प्रवासात दोन डोस जवळ येतात आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवणाच्या ट्रॉलीची वाट पाहत झोपी जाणं हाही त्यातलाच प्रकार. पिशवीत राजगिऱ्याचा लाडू, खजूर, ग्लुकोज असू द्यावं. इन्शुलिन, ग्लुकोमीटर आणि डॉक्टरांचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवावं. मोठ्या बॅगेतलं इन्शुलिन थंडीने गोठू शकतं, किंवा बॅगेबरोबर भलत्याच शहराला जाऊ शकतं.

आणि सिरिंज. आपल्याकडे इन्शुलिनची बाटली बहुधा ‘यू-४०’ असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. सिरिंजही त्याच मापाची. अमेरिकेत नेहमीची बाटली ‘यू-१००’ आणि सिरिंजही तशीच. इथली बाटली आणि तिथली सिरिंज अशी जोडी झाली, तर २० युनिटच्या खुणेपर्यंत ओढूनही पोटात जातात आठच. तिथली बाटली आणि इथली सिरिंज झाली, तर २० समजून ५० युनिट जातात. साखर धोकादायक खाली न्यायला एवढी चूक पुरते. मुक्कामाला पुरतील इतक्या सिरिंजा इथूनच न्याव्यात, किंवा निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून पेनवर यावं. पेनमधलं नेहमीचं इन्शुलिन दोन्हीकडे १००च्याच मापाचं असतं.

सहा महिन्यांनी ही मंडळी परततात. वारा पाठीशी, विमानाचे दोन तास कमी, पण मुंबईला उतरल्यावर साताऱ्याचे सहा तास तसेच. आठ-दहा दिवसांनी धाप लागते किंवा छातीत दुखतं, तेव्हा गावातला दवाखाना, ईसीजी, ॲसिडिटीचं औषध असा क्रम सुरू होतो. अमेरिकेहून आल्याचं कुणी सांगत नाही, कारण छातीत दुखण्याशी त्याचा काय संबंध? डॉक्टरही पासष्ट वर्षांच्या धोतर-टोपीतल्या माणसाला ‘गेल्या महिन्यात विमानात बसला होतात का’ असं विचारत नाहीत. गुठळीचा धोका पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो आणि साधारण आठ आठवड्यांपर्यंत रेंगाळतो. तेवढ्या काळात कुठल्याही तक्रारीसाठी केसपेपर काढला, तर नाव आणि वयाबरोबर विमानातून उतरल्याची तारीखही सांगावी.